क्रमांक सतराचा उलगडा



नोंदणीच्या टेबलाच्या अलीकडे डॉ. वृषाली मगदूम उभी होती, पलीकडे केतकी सबनीस. मध्ये एक ओळखपत्र पडले होते आणि ते कोणी उचलायचे हे ठरत नव्हते. सभागृहाच्या पायऱ्यांवर माणसांचा कलकलाट होता, आत कोणीतरी ध्वनिक्षेपकात फुंकर मारून पाहत होते, पण त्या दीड हात रुंद टेबलावर नऊ वर्षांची शांतता पसरली होती. गाळ तळाशी बसलेल्या पाण्यासारखी, ढवळले तर काय वर येईल या भयाने दोघींनीही हात न घातलेली.

“म्याडम,” विभागाचे जुने हेडक्लार्क बोंगाळे शेवटी खाकरले, “पाठीमागं रांग लागलीया. पाव्हणी ताटकळल्यात.”

“मला पत्र आलं म्हणून आले,” केतकी म्हणाली. आवाज तोच, किंचित घोगरा. “खाली सही तुझी आहे.”

“सही अडीचशे पत्रांवर आहे. यादी माझी नव्हती.”

“बरं झालं सांगितलंस. घटकाभर मला वाटलं होतं, तुला माझी आठवण झाली.”

आठवण! वृषालीच्या कानशिलात रक्त धडकले. ती वळली आणि उगाचच निळ्या कापडी पिशव्यांची थप्पी सारखी करू लागली. बोंगाळ्यांनी ओळखपत्र केतकीच्या हातात दिले, एक रबरी पट्टी तिच्या मनगटाला गुंडाळली आणि खटकन बसवली.

“ही सोडायची न्हाई, ताई. ह्याच्यावरच हजेरी, ह्याच्यावरच जेवान. गेल्या बारीला कागदाची कुपनं छापलीती, तर एकाच प्राध्यापकानं तीनदा रांगेत येऊन श्रीखंड हाणलं.”

केतकी हसली आणि आत गेली. वृषाली तशीच उभी राहिली. तिच्याही मनगटावर तशीच पट्टी होती, आणि पट्टीवरचा बारीक हिरवा दिवा न चुकता लुकलुकत होता.

कृष्णाकाठ विद्यापीठातले प्रायोगिक मानसशास्त्राचे हे अठरावे अधिवेशन आठ महिने तिच्या डोक्यावर होते. ती संघटन सचिव. चारशे बारा शोधनिबंध तिने चाळले, त्यातले एकशे चाळीस नाकारले, कोणत्या सत्राचा अध्यक्ष कोणत्या अध्यक्षाच्या आधी बोलणार यावरून झालेली भांडणे मिटवली, भित्तिपत्रकांच्या चौकटी भाड्याने आणल्या, शाकाहारी, जैन आणि उपवासाच्या पानांची वेगळी यादी केली. मनगटपट्ट्या कारखानीस सरांच्या प्रयोगशाळेने पुरवल्या होत्या. नाडी आणि त्वचेचा ओलावाही त्या मोजत. माहितीपत्रकात तळाशी एका ओळीत तसे छापलेले होते. ती ओळ वृषालीनेच तपासली होती.

शिवाय ती विद्यापीठाच्या नीतिसमितीची सदस्य सचिव होती, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘उलगडा’ शिकवण्याचे कामही तिच्याकडेच होते. माणसांवर प्रयोग करताना पुष्कळदा त्यांना खोटे सांगावे लागते. प्रयोग संपला की खरे सांगावे लागते. त्याला या विभागात पूर्वापार उलगडा म्हणत. त्याचा रिवाज ठरलेला होता. टेबल मध्ये ठेवायचे नाही. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. चहा द्यायचा. काय लपवले आणि का लपवले ते सांगायचे, मग ‘यात तुमचा काही दोष नव्हता’ असे म्हणायचे, आणि सर्वांत शेवटी विचारायचे, ‘तुम्हाला काही विचारायचं आहे?’ उत्तर येईपर्यंत उठायचे नाही. “उलगडा न झालेला माणूस म्हणजे टाके न घालता सोडलेली जखम,” असे ती दर जूनमध्ये वर्गात सांगत असे, आणि मुले ते वाक्य उतरवून घेत.

पण केतकीच्या बाबतीत उलगडण्यासारखे काही उरले नाही असे ती नऊ वर्षे मानत आली होती. सगळे तिच्या डोळ्यांपुढे स्वच्छ होते.

जुन्या प्रयोगशाळेचा मागचा जिना. दुपारचा सव्वा वाजलेला. केतकी वरून उतरते आहे. खांद्यावर हिरवी ओढणी, हातात वृषालीच्या आईचा पितळी कडीचा डबा. वृषालीची आई विद्यापीठाच्या खाणावळीत बावीस वर्षे पोळ्या लाटत होती. सगळे तिला अक्का म्हणत. केतकीच्या मागे आणखी दोघीजणी. आणि केतकी मान मागे वळवून, हसत म्हणते, “पोळ्या लाटणारीच्या पोरीला फेलोशिप मेंदूवर नाही गं मिळत, कणकेवर मिळते. सरांना अक्कांच्या पोळ्या आवडतात ना!”

एवढेच. त्या काळातल्या बाकीच्या आठवणींचा रंग उडाला होता. वसतिगृहातल्या त्यांच्या खोलीचा क्रमांकही तिला आता सांगता आला नसता. ही एकच आठवण घासून ठेवलेल्या पितळेसारखी लखलखत राहिली होती. त्या आठवड्यात वृषालीने खोली बदलली. दोघींच्या निबंधावरचे केतकीचे नाव काढून टाकले. “काय झालं, सांग तरी,” म्हणत केतकी पंधरा दिवस मागे फिरली. वृषालीने तोंड उघडले नाही. सहा महिन्यांत केतकीने संशोधन सोडले आणि इचलकरंजीला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागली. त्यानंतर दोन वर्षांनी अक्का आजारी पडली तेव्हा ती दवाखान्यात धावत आली होती. वृषालीने तिला दारातूनच परत पाठवले. त्याचा तिला कधी पश्चात्ताप झाला नव्हता. निदान ती स्वतःला तसे सांगत असे.

प्रा. यशोधन कारखानिसांचे बीजभाषण साडेअकराला सुरू झाले. दोघींचे मार्गदर्शक तेच. सत्तरीला टेकलेला, अंगाने वाळलेला, आवाजाने अजून भरलेला माणूस. वृषाली व्यासपीठावर डाव्या कडेला, शाल आणि श्रीफळाच्या तबकाशेजारी बसली होती.

“आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो, ही समजूत आता शाळेच्या पुस्तकांतूनही गेली,” ते म्हणाले. “आपण या भागात गुऱ्हाळं पाहिली आहेत. गुळाची ढेप कठीण असते; पण काहिलीत टाकून तापवली की तिचा पुन्हा पाक होतो. आपण काहीही आठवतो, तेव्हा ती ढेप पुन्हा काहिलीत जाते. पेशींमधल्या जोडण्या सैल होतात. नवी प्रथिनं तयार होऊन त्या परत घट्ट व्हायला पाच-सहा तास लागतात. तेवढ्या वेळात पाकात जे पडेल, ते ढेपेत राहतं.”

सभागृहातल्या बहुतेकांना हे ठाऊक होते. याच तत्त्वावर कारखानिसांचा ‘सांधक’ चालत असे, आणि आता तो जिल्ह्याच्या रुग्णालयांतही पोचला होता. डोक्यावर चढवायचे एक शिरस्त्राण. त्यातून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मेंदूच्या आत, आठवणी बांधणाऱ्या भागावर नेमक्या पडत आणि मऊ झालेली आठवण अधिक वेळ मऊ राहत असे. पुरातून, अपघातातून वाचलेली माणसे त्याखाली बसून तो प्रसंग आठवत, कानात शांत केलेला आवाज ऐकत, आणि चार बैठकींत भय उतरून घरी जात. माणूस सगळे विसरत नसे. फक्त आठवणीचे दात पडत.

“भीती उतरवता येते हे आपण दाखवलं,” कारखानीस म्हणाले. “मला उलटा प्रश्न छळत होता. राग चढवला, तर तो किती जगतो? आज प्रथमच सांगतो आहे. नऊ वर्षांपूर्वी आम्ही चोवीस जणांना सांधकाखाली बसवलं. एखाद्या जिवलग माणसाबरोबरचा साधा, खरा प्रसंग आठवायला सांगितला. ती आठवण मऊ असताना कानात एकच वाक्य सोडलं. त्या जिवलगाच्या आवाजात, संगणकानं घडवलेलं. जागा खरी, कपडे खरे, वेळ खरी. खोटं फक्त एक वाक्य. अपमानाचं.”

सभागृह पुढे सरकून बसले.

“तेरा जणांचा राग महिन्याभरात मावळला. का मावळला? औषध नाही, उपचार नाही. त्यांनी सरळ जाऊन त्या माणसाला विचारलं, ‘तू असं म्हणालास का?’ एवढ्यानं रोपण सुटलं! उरलेल्या अकरा जणांनी कधीच विचारलं नाही. त्यांचा राग आज पहिल्या दिवसापेक्षा ताजा आहे. आणि सर्वांत ताजं मोजमाप तर आज सकाळी, याच वास्तूत झालं.”

पडद्यावर एक आलेख उमटला. सपाट रेषा, आणि मग कड्यासारखी उभी चढलेली. खाली वेळ होती, नऊ वाजून बेचाळीस मिनिटे. आलेखाशेजारी सहभागी क्रमांक सतराचे शब्द: ‘ती जिन्यावरून उतरत होती. हिरवी ओढणी. तिच्या हातात माझ्या आईचा डबा होता.’

वृषालीने ते वाचले. पुन्हा वाचले. शब्द तिचे होते. तिला आता ती खुर्ची आठवली, विद्यार्थ्यांनी आळीपाळीने बसून ‘यंत्राची चाचणी’ करून द्यायची ती दुपार आठवली, एका सरसकट संमतिपत्रावर केलेली सही आठवली. चाळीस मिनिटे. बाहेर येऊन तिने चहा घेतला होता. डोके जरा जड झाले होते.

“सहभागींना सत्य सांगणं इतकी वर्षं पुढे ढकलणं सोपं नव्हतं,” कारखानीस समारोपाकडे वळले. “आमच्या नीतिसमितीचे आभार मानतो.” पडद्यावर एक पत्र आले. ‘दीर्घकालीन अभ्यासाची गरज पाहता उलगडा एक वर्ष लांबवण्यास अनुमती.’ एकाखाली एक तीन वर्षांची तीन पत्रे, आणि तिन्हींवर एकच वळणदार सही.

वृ. मगदूम.

तिला समितीच्या बैठकींचे ते गुरुवार आठवले. चौदा प्रकरणे, एक तास, बशीत खारी बिस्किटे. प्रकल्पांना नावे नसत, माणसांना तर नसतच. पक्षपात होऊ नये म्हणून तो नियम तिनेच करून घेतला होता. एका सदस्याने कुरकुर केली होती, “नऊ-नऊ वर्षं माणसाला खोट्यात ठेवायचं म्हणजे…” आणि तिनेच ठामपणे म्हटले होते, “दीर्घ अभ्यास मध्येच तोडता येत नाही.” आपल्याच कोंडीच्या दाराला तिने दर वर्षी आपल्याच हाताने कडी घातली होती, आणि वर तारीखही टाकली होती.

“संघटन सचिव डॉ. मगदूम आता शाल, श्रीफळ देऊन सरांचा सत्कार करतील,” निवेदिकेने जाहीर केले.

ती उठली. शाल उचलली. टाळ्या पडू लागल्या. ती कारखानिसांसमोर उभी राहिली, आणि टाळ्या संपल्या तरी उभीच राहिली. चारशे माणसे पाहत होती. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर केतकी होती.

“क्रमांक सतरा कोण आहे, सर?”

कारखानिसांनी तळवा ध्वनिक्षेपकावर ठेवला. “आत बोलू.”

वृषालीने शाल घडी घालून तबकात परत ठेवली, श्रीफळाशेजारी. सभागृहाला वाटले, हा या गावचा काही वेगळा रिवाज असावा. कोणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

व्यासपीठामागच्या खोलीत कारखानीस गरम पाण्याचा पेला घेऊन बसले. “बस,” ते म्हणाले.

“उभीच बरी आहे.”

“तू चिडणार हे स्वाभाविक आहे. एक लक्षात घे, आत्ताचा हा राग तुझा स्वतःचा आहे. आम्ही दिलेला नाही.”

“आभारी आहे!” तिचा आवाज फाटला. “निदान एवढी एक वस्तू माझी ठेवलीत.”

“तू संमती दिली होतीस.”

“यंत्राच्या चाचणीला.”

“कलम सात वाच. आणि लांबवण्याची अनुमती तूच दिलीस. मी तुझ्यावर दडपण आणलं? समितीच्या बैठकीला मी कधी आलो तरी का?”

नव्हते आले. हे खरे होते.

“आई गेली, सर. त्या काळात.”

“ठाऊक आहे. अक्कांना मी खांदा दिला आहे.”

“खांदा दिलात.” ती हळू बोलली, तिचा राग आता अशा जागी पोचला होता जिथे ओरडणे अपुरे पडते. “तिरडीच्या एका बाजूला तुम्ही होतात. केतकी रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानापाशी उभी होती, ती तुम्हाला दिसली असणार. मी तिच्याकडे पाठ फिरवली, तेही दिसलं असणार. तेव्हा सांगावंसं वाटलं नाही?”

“तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं,” कारखानीस म्हणाले. त्यांनी पेला खाली ठेवला, आणि प्रथमच त्यांची नजर ढळली. “एक सांगू? प्रत्येकाबद्दल मी आधीच भाकीत लिहून ठेवलं होतं. तुझ्यापुढे मी लिहिलं होतं, ‘आठवड्यात विचारील.’ तू माझी सर्वांत सरळ विद्यार्थिनी. तू त्या तेरांत जाशील याची मला खात्री होती. वर्षभर मी वाट पाहिली, वृषाली. तुझ्याबाबतीत माझं चुकलं.”

थप्पड बसावी तशी ती मागे सरली.

“केतकीची संमती कुठे आहे? यादीत तिचं नाव घालून आज तिच्याही मनगटावर पट्टी बांधलीत.”

“ती सहभागी नाही. ती उद्दीपक आहे.”

“काय?”

“तांत्रिक शब्द आहे. तूच शिकवतेस तो. ज्यामुळे प्रतिसाद उत्पन्न होतो, ते उद्दीपक.”

“माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लेली मुलगी आहे ती! दिवा नाही, घंटी नाही!”

“उद्या दुपारपर्यंत थांब,” ते समजुतीने म्हणाले. “समारोपानंतर अकराही जणांचा रीतसर उलगडा करू. आत्ता तिच्याशी बोललीस तर दुसऱ्या दिवसाचं मोजमाप हातचं जाईल. आणि तुला हवं असेल तर सांधक तयार आहे. अर्ध्या तासात ते वाक्य काढून देतो. तुझं तुलाच हलकं वाटेल.”

वृषालीने क्षणभर विचार केला. नाही असे नाही. ते वाक्य दात उपटल्यासारखे निघून गेलेले, जिभेला फक्त रिकामी जागा लागते आहे, असे तिने मनात पाहिले. मग तिला दवाखान्याचे दार दिसले.

“आणि त्या वाक्यापायी मी जे केलं, त्याचं काय? ते तर खरंच घडलं. कारण तुम्ही काढून घ्याल, आणि कृत्य तेवढं माझ्याजवळ राहील, बिनकारणाचं.” तिने मनगटावरची पट्टी ओढली. ती निघेना. तिने दातांनी तोडली आणि त्यांच्या पाण्याच्या पेल्यात टाकली. “हे घ्या तुमचं मोजमाप.”

बाहेर बोंगाळे भोजनाच्या मांडवात पंगतीची व्यवस्था पाहत होते.

“बोंगाळे, सगळ्यांच्या पट्ट्या काढून घ्या. आत्ता.”

“आँ? आणि जेवनाचं वं? वाढप्याला कळायचं कसं कोन आपला, कोन वाटंचा?”

“येईल त्याला वाढा.”

“तीनदा आला तरी?”

“तीनदा आला तरी!”

बोंगाळ्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि भित्तिपत्रकांचा एक रिकामा खोका उचलून पहिल्या पंगतीकडे गेले. “हात फुडं करा, सायेब. न्हाई, जेवायला न्हाई. पट्टी द्या.”

मांडवाच्या मागे विद्यापीठाची जुनी खाणावळ होती. तिच्या पडवीत वृषालीने दोन खुर्च्या मांडल्या, शेजारी शेजारी. आतून दोन कप चहा आणला. केतकीला बोलवावे लागले नाही. ती आपणहून आली, पिशवी सांभाळत, मनगट चोळत. समोर भट्टीची भिंत होती, अजून काळी. याच भिंतीआड अक्का बावीस वर्षे बसली होती.

“आलेखावर ती मीच ना?” केतकीने बसता बसता विचारले. “डबा वाचल्यावर कळलं.”

“तुझ्यापासून एक गोष्ट लपवलेली होती,” वृषाली म्हणाली. दर जूनमध्ये शिकवायची ती वाक्ये आता तोंडात वाळूसारखी लागत होती. “ती मी आता सांगते. मध्येच थांबवायचं असेल तर थांबव.”

तिने सांगितले. जिना, ओढणी, त्या दोघीजणी, ते वाक्य. कणकेचा शब्द उच्चारताना तिची मान खाली गेली.

केतकी थोडे हसली, श्वासाने नुसते. “कणकेवर! वाक्य जुळवलंय बाकी छान. आणि माझ्या आवाजात?”

“तुझ्याच.”

“आणि तुला पटलं.”

“पटवलं गेलं, केतकी. पेशींमध्ये घातलं. मी…”

“मी हॉलमध्येच होते,” केतकी म्हणाली. “तेरा जणांच्या पेशींमध्येही घातलं होतं म्हणे. त्यांनी नुसतं विचारलं.”

मांडवातून पंगतीचा गलका येत होता. कोणीतरी तिसऱ्यांदा श्रीखंड मागत असावे.

“त्या दिवशी जिन्यावर तू खरं काय म्हणाली होतीस?” वृषालीने विचारले. तिला ते एक वाक्य हवे होते, भिकाऱ्याला हवे असते तसे.

केतकीने आठवून पाहिले, खरोखर प्रामाणिकपणे. “नाही गं आठवत. साधाच दिवस असणार. डबा हातात होता म्हणजे भूक लागली म्हणाले असेन. नऊ वर्षं झाली.” मग तिने पिशवीत हात घातला आणि पितळी कडीचा डबा काढून दोन खुर्च्यांच्या मध्ये, फरशीवर ठेवला. “हा माझ्याकडेच राहिला होता. पत्रावर तुझी सही पाहिली तेव्हा म्हटलं, आता नेऊन द्यावा. रिकामा देऊ नये म्हणून साखर घातली आहे.”

डब्याच्या झाकणावर अक्काने खिळ्याने कोरलेली खूण होती, तीन ठिपके. वृषाली त्या ठिपक्यांकडे पाहत राहिली. इथे थांबता आले असते. सगळा दोष त्या शिरस्त्राणात घालून, साखरेचा डबा मांडीवर घेऊन, दोघींनी रडता आले असते. तिच्या छातीत अजून राग धडधडत होता, पण त्याने आता तोंड फिरवले होते आणि तो तिच्याकडेच पाहत होता.

“उलगडा संपला नाही,” ती म्हणाली. “दवाखान्याच्या दारात मी तुला सांगितलं, आईला तुझं तोंड बघायचं नाही.”

“हो.”

“आई असं म्हणाली नव्हती. आई आत विचारत होती, केतकी आली का. तीन दिवस विचारत होती. मी तिला सांगितलं, निरोप दिलाय, पण ती येत नाही म्हणाली.”

केतकीचा कप ओठांपाशी जाऊन थांबला.

“ते वाक्य सांधकानं घातलं नव्हतं. सरांनीही नाही,” वृषाली म्हणाली. “तुझ्यात आणि आईत, दोघींत मी ते घातलं. यंत्रावाचून. आई ते घेऊन गेली. तुझा उलगडा मी सात वर्षं लांबवला.”

केतकी भट्टीच्या काळ्या भिंतीकडे पाहत होती.

“मी शोधत बसले होते,” ती शेवटी म्हणाली, भिंतीलाच सांगितल्यासारखी, “अक्कांचं मी काय बिघडवलं. डबा परत करायचा राहिला म्हणून रागावल्या असतील, असंसुद्धा मनात आलं. घासून ठेवायची मी तो. दर दिवाळीला.”

वृषालीच्या ओठांवर रिवाजातली शेवटची दोन वाक्ये आली. त्यांतले पहिले प्रथमच संपूर्ण खरे होते.

“यात तुझा काही दोष नव्हता,” ती म्हणाली. “तुला काही विचारायचं आहे?”

केतकीने चहाचा कप फरशीवर ठेवला. तो निम्मा भरलेला होता. वाकून तिने डबा उचलला, झाकण घट्ट बसले आहे ना ते अंगठ्याने दाबून पाहिले, आणि तो परत आपल्या पिशवीत ठेवला. मग ती उठली, पडवीच्या तीन पायऱ्या उतरली, आणि मांडवाला वळसा घालून फाटकाच्या दिशेने चालत गेली.

उत्तर येईपर्यंत उठायचे नाही, असा नियम होता. वृषाली बसून राहिली.